मदत हवी आहे: हिमालयन ४५० बाईकची सीट, मागच्या शॉकची लिंक बदलून, खाली घ्यावी का?

राम राम मंडळी, मी यावलचा. उंची पाच फूट चार, आणि हौसेने घेतली रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५०. सीट खालच्या सेटिंगला ८२५ मिमी, तरी फक्त चवडे टेकतात. परवा सावद्याला केळीच्या ट्रकांमागे अडकलो. उतारावर पाय टेकायला गेलो, तर खाली खड्डा! गाडी आडवी, बायको मागे. तेव्हापासून ती बसायलाच तयार नाही.

फोम कापून पाहिला. सीट दगडासारखी झाली, फरक नावाला. आता मेकॅनिक म्हणतो, मागच्या मोनोशॉकच्या (मागचा एकच शॉकॲब्सॉर्बर) दोन्ही लिंक पट्ट्या, म्हणजे शॉकच्या जोडणीतल्या पट्ट्या, लांब टाकू, मागची बाजू इंचभर बसेल.

माझी शंका अशी: नुसतं मागून खाली घेतलं तर हँडल जड होईल ना? मग पुढचे फोर्क (पुढच्या चाकाच्या शॉकच्या नळ्या) त्यांना धरणाऱ्या क्लॅम्पमध्ये किती वर सरकवायचे? साइड स्टँड कापावा लागेल, नाहीतर गाडी सरळ उभी राहून पलीकडे पडेल, हे कळतंय. पण डबल सीट असताना खड्ड्यात टायर मडगार्डला घासतो का? पाल, तोरणमाळच्या डोंगरांकडे जाणं असतं, ग्राउंड क्लिअरन्सही हवाच.

लेथवाला लोखंडी पट्टीच्या लिंक करून देतो म्हणतो. मला धीर होत नाही. कोणी बदलल्या असतील तर सांगा भाऊ.