साटा कार्ड बसवलं, आता ४ टीबीची डिस्क ४६५ जीबी दाखवतेय. फॉरमॅट करू का?

खानापूर_स्टुडिओ

नमस्कार मंडळी. खानापुरात माझा फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. आषाढ लागलाय, लग्नं नाहीत, आणि पाऊस असा की समोरचं दुकान दिसत नाही. म्हटलं वर्षभर टाळलेलं काम काढू.

२०११ पासूनची लग्नं, बारशी, यात्रा, गावची नाटकं सगळी हार्ड डिस्कवर आहेत. मशीनचं बोर्ड एच-११० चिपसेटचं, साटाचे, म्हणजे डिस्क जोडायचे, पोर्ट चारच. एकावर विंडोजची एसएसडी, तिघांवर डिस्क. आणखी चार डिस्क बुटाच्या खोक्यात. गिऱ्हाईक आलं की खोकं उघडायचं, डिस्क यूएसबीला लावून बघायची, नाही सापडलं की पुढची. मागच्या महिन्यात जांबोटीच्या एक बाई आल्या. सासूबाई वारल्या, त्यांचा आवाज असलेला एकही व्हिडिओ घरात नाही. २०१४ च्या लग्नात म्हातारीनं स्वतः मंगलाष्टक म्हटलं होतं, तेवढं काढून द्या म्हणाल्या. मी दीड तास डिस्क बदलत होतो आणि त्या बाकड्यावर छत्री मांडीवर घेऊन बसून होत्या. शेवटी सापडलं. नीट कापून पेनड्राइव्हवर देतो म्हटलं. त्याच रात्री कार्ड मागवलं.

चार साटा पोर्टचं, छोट्या एक्स-वन खाचेत बसणारं, तेराशे रुपये. मोठ्या खाचेत ग्राफिक्स कार्ड आहे, म्हणून हे घेतलं. पहिल्यांदा कार्ड दिसलंच नाही. बघतो तर मागची पत्र्याची पट्टी स्क्रूनं आवळली की कार्डाची दुसरी बाजू खाचेतून केसभर वर येत होती. पट्टी किंचित वाकवून घेतली, मग दिसायला लागलं. ड्रायव्हर टाकावा लागला नाही.

आता रडगाणं दोन.

एक. कार्डावरच्या चारपैकी कुठली तरी एक डिस्क कॉपी चालू असताना मध्येच गायब होते. टक्‌ टक्‌ आवाज येतो, मग पंधरा-वीस सेकंदांनी परत येते. कधी ही, कधी ती.

दोन, आणि झोप उडवणारं. जांबोटीचं लग्न ज्या ४ टीबीच्या डिस्कवर आहे ती आता ४६५ जीबी दाखवतेय, बाकी सगळी जागा रिकामी. फाइल सिस्टिमच्या जागी ‘रॉ’, म्हणजे आत काय आहे ते विंडोजला ओळखूच येत नाही. आणि विंडोज सारखं विचारतंय, फॉरमॅट करायचं का. कार्ड ४ टीबी घेत नाही असं काही असतं का? कार्ड परत करायची मुदत सहा दिवस आहे. घरच्यांनी म्हणून झालंय, खोकं बरं होतं की.

चिक्कोडी_एक्सप्रेस

आजकाल डिस्क कोण ठेवतंय साहेब. सगळं क्लाउडवर टाका, घरबसल्या लिंक पाठवा.

खानापूर_स्टुडिओ

सगळं मिळून ११ टीबी आहे. माझ्याकडे अपलोड सेकंदाला २० मेगाबिट. हिशोब करून बघितला, लाइट एकदाही न जाता एक्कावन्न दिवस लागतात. खानापुरात, पावसाळ्यात, लाइट न जाता.

गणपतगल्ली_रिपेर

दादा, आधी फॉरमॅटच्या त्या खिडकीवर ‘नको’ दाबा आणि मशीन बंद करा. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटनं ‘इनिशियलाइझ’, म्हणजे डिस्क नव्यानं मांडू का, असं विचारलं तरी नको. त्या डिस्कवर एक अक्षर लिहायचं नाही.

आता पहिल्या रडगाण्याचं बघू. करंट कुठून घेतलाय? एसएमपीएसमधून, म्हणजे मशीनला करंट देणाऱ्या डब्यातून, येणाऱ्या साटा पॉवरच्या पिना किती होत्या आणि चार नव्या डिस्कला कसं वाटलंत? माझा संशय तिथंच आहे. पण संशयावर रिपेरी करू नये, म्हणून एक करा. क्रिस्टलडिस्कइन्फो टाका, डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर. तिथं प्रत्येक डिस्कचा ‘पॉवर ऑन काउंट’ दिसतो, म्हणजे डिस्क आजवर किती वेळा चालू झाली. तो आकडा पाटीवर लिहा. मशीन बंद न करता दोन-तीन तास कॉपी लावा. मग परत बघा.

आकडा वाढला असेल तर डिस्कचा करंट मध्येच तुटतोय. आकडा तसाच आणि खालच्या यादीत सी-७ नावाची ओळ वाढली असेल, तर दोष डेटाच्या पातळ केबलचा. दोन्ही जागच्या जागी आणि सी-५ वाढतंय, मग डिस्कच म्हातारी झाली. ४ टीबीवाली मात्र ह्या परीक्षेत बसवू नका, काढून बाजूला ठेवा.

कार्डावरच्या चिपचं नाव काय? डिव्हाइस मॅनेजरमध्ये हार्डवेअर आयडीत ‘वेन’च्या पुढे १बी२१ असेल तर एएसमीडिया, १९७बी असेल तर जेमायक्रॉन.

खानापूर_स्टुडिओ

१बी२१ आहे, पुढे डेव्ह १०६४. पॉवरसाठी एकच साटा पिन उरली होती, त्यातून एकाची चार करणारी वायर लावली. कार्डासोबत घेतली होती, दीडशे रुपयांना.

गणपतगल्ली_रिपेर

हां. सापडला चोर बहुतेक.

कार्ड बरं आहे. एएसएम १०६४ म्हणजे चार खरे पोर्ट. काही स्वस्त कार्डांत दोन पोर्टची चिप असते आणि मल्टिप्लायर लावून, म्हणजे एकच पोर्ट वाटून, पाच-सहा पोर्ट दाखवतात, तसलं हे नाही. जाहिरातीत प्रत्येक पोर्टला ६ गिगाबिट लिहिलं असेल, ते मात्र सोडून द्या. तुमच्या एच-११० च्या छोट्या खाचेची वाट पीसीआय एक्सप्रेस २.० ची, एका लेनला सेकंदाला ५०० एमबी, हातात पडतात ४०० च्या आसपास. एक हार्ड डिस्क दीडशे-दोनशे देते. एका वेळी एक किंवा दोन डिस्क चालवल्यात तर कळणारही नाही. चारही एकदम पळवल्यात तर वाटून घेतील. फक्त एसएसडी कधी कार्डावर नेऊ नका, ती बोर्डावरच राहू दे.

आता वायर. ३.५ इंची डिस्क फिरायला सुरुवात करते तेव्हा १२ व्होल्टवर दोन अँपिअरच्या आसपास ओढते. चार डिस्क म्हणजे आठ. आणि साटाच्या एका पॉवर पिनेत १२ व्होल्टला तीन काटे, प्रत्येकी दीड, म्हणजे साडेचार अँपिअर. साडेचारच्या वाटेनं आठ चाललेत. मशीन चालू करताना दर वेळी. ती पिन काढा आणि नाकाजवळ धरा.

निपाणीची_मास्तरीण

मी दुरुस्तीवाली नाही, गणित शिकवते. म्हणून आकड्याकडं बघत होते. ४ टीबीची डिस्क विंडोजमध्ये एरवी ३७२५ जीबी दाखवते ना? ३७२५ भागिले ४६५ करा. जवळजवळ बरोबर आठ येतात. डिस्क बिघडली तर आकडा असा नीट भागला जात नाही. दादा, ही डिस्क सुटी घेतली होती की यूएसबीच्या डबीतूनच आली होती? साल कोणतं?

खानापूर_स्टुडिओ

२०१३. डबीसकट घेतलेली, टेबलावर उभी ठेवायची, वेगळ्या अडॅप्टरची. मीच डबी फोडून डिस्क बाहेर काढली. बाकीच्या तीन सुट्या घेतलेल्या, त्या बरोबर दिसताहेत.

ताई, तुम्ही भागाकार केला आणि माझ्या पोटात जरा अन्न गेलं.

निपाणीची_मास्तरीण

मग डेटा जागेवर आहे, फक्त मोजायचं माप बदललंय.

डिस्कची जागा सेक्टरमध्ये मोजतात, एक सेक्टर ५१२ बाइटचा. डिस्कचा कुठला भाग कुठून सुरू होतो आणि केवढा आहे हे डिस्कवरच्या एका तक्त्यात लिहिलेलं असतं. जुन्या पद्धतीच्या एमबीआर तक्त्यात सेक्टरचा नंबर ३२ बिटांत लिहितात, म्हणजे जास्तीत जास्त ४२९ कोटी सेक्टर. गुणिले ५१२ केलं की साधारण २.२ टीबीला गाडी थांबते. नव्या पद्धतीच्या जीपीटी तक्त्याला ही अडचण नाही, पण विंडोज एक्सपीला जीपीटी वाचता येत नव्हतं आणि त्या काळात एक्सपी घरोघर होतं. मग काही डबीवाल्यांनी युक्ती केली. डबीच्या आतली छोटी सर्किट डिस्कच्या आठ-आठ सेक्टरची एक मोळी बांधते आणि कॉम्प्युटरला सांगते, माझा सेक्टर ४०९६ बाइटचा. नंबर तेवढेच, मोळी आठपट मोठी, म्हणून ४ टीबी आरामात बसते.

तुम्ही डिस्क डबीतून काढून कार्डाला लावलीत. कार्ड तिला सरळ ५१२ नं वाचतं. तक्त्यात लिहिलेत मोळ्यांचे नंबर, विंडोज मोजतंय काटक्या. म्हणून जागा एक-अष्टमांश आणि आत सगळं ‘रॉ’. बोर्डावरच्या पोर्टला लावलीत तरी हेच होणार. कार्डाचा काही दोष नाही.

डिस्क परत त्याच डबीत घाला, सगळं दिसेल. मग दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा, फाइली उघडून बघा, आणि त्यानंतरच जुनी डिस्क कार्डाला लावून जीपीटीनं नव्यानं फॉरमॅट करा. डबी फेकून दिली असेल तर सांगा. लिनक्समध्ये लूप डिव्हाइसला सेक्टर ४०९६ चा आहे असं सांगून अशी डिस्क वाचता येते. पण डबी असेल तर त्या फंदात पडू नका.

खानापूर_स्टुडिओ

डबी पुतण्याला दिली. तो लोंढ्याला असतो. उद्या जातो.

खानापूर_स्टुडिओ

चार दिवसांनी लिहितोय, सगळं एकदम सांगतो.

आधी वायर. ज्या डिस्क कार्डाला होत्या त्यातल्या एकीचा पॉवर ऑन काउंट दुपारी ४१२ होता. संध्याकाळी ४१९. मशीन एकदाही बंद केलं नव्हतं. सी-७ सगळ्यांचं शून्य. मग बंद करून प्लग काढला, पाच मिनिटं थांबलो, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला आणि पिन ओढली. ती ओढताना चिकटल्यासारखी आली. पांढरं प्लॅस्टिक पिवळ्या, १२ व्होल्टच्या वायरीच्या बाजूला गुळाच्या काकवीसारखं तपकिरी, एक काटा काळा, आणि वास फणसाची आठळी चुलीत करपल्यावर येतो तसा. दोन दिवस हा वास येत होता हो मला. मी समजत होतो पावसानं भिंत ओली झालीय.

लोंढ्याला बाइकनं गेलो, भिजून चिंब. पुतण्यानं डबीत दुसरी डिस्क घातली होती आणि तिच्यावर सिनेमे भरले होते. मी म्हटलं काढ बे ते आधी. म्हणाला, काका, थांबा की, शेवटचा अर्धा तास राहिलाय. बसलो मग. चहा झाला, सिनेमाही झाला.

घरी येऊन ४ टीबी डबीत घातली, यूएसबीला लावली. ३७२५ जीबी, सगळे फोल्डर जागच्या जागी. २०१४, मे, जांबोटी. बायकोला हाक मारली तर ती म्हणाली, मला काय दाखवतोस, त्या बाईंना फोन कर.

नवी ४ टीबी घेतली. डेटा २.६ टीबी होता, सेकंदाला शंभर-एकशेदहा एमबीनं सातेक तासांत व्हायला हवा होता. दोन रात्री गेल्या, कारण लाइट तीनदा गेली आणि माझा यूपीएस दहा मिनिटांचा. रोबोकॉपी, विंडोजमधली कॉपीची कमांड, लावली होती म्हणून निभावलं. झालेल्या फाइली सोडून पुढे जाते. साधं कॉपी-पेस्ट असतं तर प्रत्येक वेळी पहिल्यापासून ‘ही फाइल आधीच आहे’चं पुराण. लग्नाच्या वीस-पंचवीस फाइली मधूनच उघडून शेवटपर्यंत पळवून बघितल्या. जुनी अजून फॉरमॅट केलेली नाही. धीर होत नाही.

आता दोनच डिस्क कार्डावर आहेत, एकाची चार करणारी वायर काढून टाकली. रिपेरवाले दादा, पुढे काय लावू? एसएमपीएसची मोलेक्सची, म्हणजे जुन्या चार काट्यांच्या पिनेची, एक लाइन मोकळी आहे. बाजारात मोलेक्सवरून साटाची वायर साठ रुपयांपासून दिसतेय.

गणपतगल्ली_रिपेर

मोलेक्सची पिन जाड, जास्त करंट सोसते, त्यामुळे दोन डिस्कला चालेल. पण वायर घेताना तोंड बघून घ्या. काहींचं साटाचं टोक ओतीव असतं, गरम प्लॅस्टिक ओतून वायरी आत गाडलेल्या, मागून सपाट, काही दिसत नाही. त्यात १२ आणि ५ व्होल्टची वायर आत सरकून शेजारी शेजारी येऊ शकते आणि मग आगच. ते नको. दुसरं टोक असतं दाबून बसवलेलं, मागची टोपी उघडते, एकेक वायर आपल्या खाचेत दिसते. ते घ्या, चाळीस रुपये जास्त पडले तरी. खरं म्हणजे सात डिस्क आणि ग्राफिक्स कार्ड असताना पाच-सहा साटा पिना मुळातच असलेला बरा एसएमपीएस घ्यावा. पण ते तुळशीच्या लग्नानंतर बघू, गल्ल्यात काहीतरी येऊ दे.

आणि डिस्कना हवा द्या. चार एकावर एक रचल्या असतील तर समोर १२० एमएमचा पंखा लावा.

चिक्कोडी_एक्सप्रेस

जुनी डिस्क फॉरमॅट करूच नका, तीच बॅकअप म्हणून डबीसकट दुसऱ्या घरात ठेवा. माझा क्लाउड राहू दे.

खानापूर_स्टुडिओ

हे पटलं. बहिणीकडं शहापूरला ठेवतो, पण डबी आणि डिस्क एकत्र, चिठ्ठी चिकटवून. पुतण्याला सांगितलंय, डबी आता मिळणार नाही. फुगलाय.

जांबोटीच्या बाई काल येऊन गेल्या. मंगलाष्टक चाललं होतं आणि मागं कुणीतरी सारखं ‘माईक वर धर, माईक वर’ म्हणत होतं, तो आवाज माझाच. तो काढून टाकू का विचारलं. राहू दे म्हणाल्या.

शनिवारी बेळगावला येतोय, वायर घ्यायला. गणपत गल्लीत आलो की तुमच्याकडं डोकावतो दादा. कुंदा आणू का?

गणपतगल्ली_रिपेर

कुंद्याच्या गावात कुंदा कशाला आणता. ती जळकी पिन आणा. टाकली नाही ना? दुकानात दोन नवी पोरं शिकायला आलीत, त्यांना हातात द्यायचीय.