पुलाच्या कंपनांवरून तडे ओळखणे : पीएच.डी.चा विषय कुठे आवळावा?

प्रश्न
मी स्थापत्य अभियंता असून पुलांच्या देखभालीची नोकरी सांभाळून पीएच.डी. करीत आहे. प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटच्या (आतील ताणलेल्या पोलादी केबलींनी दाबून धरलेल्या काँक्रीटच्या) एका पुलाच्या ४० मीटर गाळ्यावर, म्हणजे दोन आधारांमधील भागावर, मी चार ॲक्सेलरोमीटर (कंपने मोजणारे संवेदक) बसवले असून, नैसर्गिक वारंवारता (पूल स्वतःहून सेकंदाला किती वेळा कंप पावतो ती संख्या; ताठरपणा कमी झाला की ती घटते) घटली म्हणजे तडा गेला, असे माझे गृहीतक होते. परंतु पहाटेच्या आणि दुपारच्या नोंदींत एवढा फरक येतो की पूल रोज दुपारी आजारी पडतो आणि रात्रीतून बरा होतो, असेच म्हणावे लागेल. दोष उपकरणांत आहे की विषयात?

प्रतिसाद १
दोष दोन्हींत नाही, गृहीतकात आहे. स्वित्झर्लंडमधील झेड-२४ हा पूल पाडण्यापूर्वी १९९७-९८ मध्ये सुमारे दहा महिने सतत मोजला गेला आणि शेवटी त्याचा एक खांब टप्प्याटप्प्याने ९५ मिलिमीटरपर्यंत खाली उतरवून, काही केबल तोडून, मुद्दाम इजा करण्यात आली. इजेपूर्वीच, केवळ ऋतुमानामुळे, त्याच्या वारंवारता दहा टक्क्यांहून अधिक बदलल्या होत्या, कारण शून्याखालील थंडीत डांबराचा थर कडक होऊन डेकचा (ज्यावरून वाहने जातात त्या भागाचा) ताठरपणा वाढत असे. आपल्याकडे गोठणबिंदूचा प्रश्न नसला तरी ऊन आहेच. त्यामुळे हवेचे नव्हे, काँक्रीटच्या आतील तापमान वेगवेगळ्या खोलीवर नोंदवा आणि किमान एक वर्ष निरोगी पुलाचा स्वभाव समजून घ्या. एवढ्यातच प्रबंधाची दोन प्रकरणे होतील.

प्रतिसाद २
वरील मताशी सहमत आहे, मात्र तड्यांचा हट्ट का, हे मला समजलेले नाही. महाडजवळचा सावित्री नदीवरील दगडी कमानींचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला. तुमचा पूल नदीवर असेल, तर पायाखालची माती वाहून जाण्याचा धोका डेकवरील चार संवेदकांना दिसेलच असे नाही. त्यासाठी पाण्याची पातळी, खांबाचा कल आणि पात्राची खोली मोजावी लागते. आधी धोका ठरवावा, मग उपकरण. ‘डिजिटल ट्विन’ (पुलाची संगणकातील जिवंत प्रतिकृती) हा शब्द शीर्षकात घालण्याचा मोह तूर्त आवरलात तर उत्तम.

प्रतिसाद ३
एक छोटा, पण पक्का विषय सुचवतो : बेअरिंग, म्हणजे गाळा आणि खांब यांच्यामधील, गाळ्याच्या टोकाला सरकू देणारा आधार. काँक्रीटचा प्रसरणांक प्रति अंश सेल्सिअस सुमारे ०.००००१२ धरला, तर ४० मीटरच्या गाळ्याचे मोकळे टोक २० अंशांच्या फरकाने साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास सरकायला हवे. ते दोनच मिलिमीटर सरकत असेल, तर बेअरिंग जाम झाले आहे आणि न सरकलेल्या भागाचा ताण खांबाच्या माथ्यावर येत आहे. येथे तापमान हा अडथळा न राहता तीच तुमची फुकटची चाचणी ठरते.

प्रश्नकर्ता
पूल नदीवरच आहे. म्हणून पावसाळ्यापूर्वी पाण्याच्या पातळीची नोंद सुरू करतो. बेअरिंगपाशी विस्थापनमापक (टोक किती सरकले ते मोजणारे उपकरण) बसवताना एकाच टोकाला बसवावा की दोन्ही? स्थिर मानलेले टोकही हलत असल्याचा मला आता संशय येऊ लागला आहे.

प्रतिसाद ३
दोन्ही टोकांना बसवा. संशय खरा ठरला, तर पुलाच्या बांधकाम-नकाशातील नोंदीपेक्षा तुमचे मोजमाप अधिक विश्वसनीय मानावे लागेल.