मदत हवी आहे: ११ मिमी डव्हटेलवर पिकाटिनी अडॅप्टर लावू की सरळ वन-पीस माउंट घेऊ? (स्प्रिंग रायफल)

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. स्प्रिंगवाल्या एअर रायफलवर ज्यांनी स्वतः स्कोप बसवलाय त्यांचा सल्ला हवाय, कारण इथल्या रेंजवर विचारलं तर तिथे सगळे १० मीटर मॅचवाले, त्यांना स्कोप चालतच नाही, पीप साइटवर खेळतात, त्यामुळे हा प्रश्न त्यांना कधी पडलेलाच नाही.

रायफल .१७७ ची ब्रेक बॅरल आहे. रिसीव्हरवरच ११ मिमीची डव्हटेल (स्कोपच्या रिंगा धरायची तिरक्या कडांची रेल) कापलेली आहे आणि मागच्या टोकाला स्टॉप पिनसाठी (माउंट सरकू नये म्हणून अडकवायची खीळ) एक भोक आहे. स्कोप ३-९×४० एओ, १ इंची ट्यूब, पुढचं वळं फिरवून फोकस १० मीटरपर्यंत खाली येतो. पण स्कोपसोबत ज्या रिंगा आल्या त्या पिकाटिनीच्या, म्हणजे आडव्या खाचांच्या २१ मिमी रुंद रेलच्या, खाली आडवा बोल्ट असलेल्या. त्या माझ्या रायफलवर बसणारच नाहीत. सध्या मैत्रिणीच्या दोन सुट्या डव्हटेल रिंगांवर चालवतेय, त्यांना स्टॉप पिन नाही, आणि त्या हळूहळू मागे सरकतात. कितीही आवळा, थोडे छर्रे मारले की रेलवर पेन्सिलनं केलेली खूण पुढे राहिलेली दिसते.

मागे का सरकतात ते आता नीट समजलंय. बंदुकीत नुसता मागे धक्का असतो. स्प्रिंग रायफलमध्ये पिस्टन पुढे सुटताना रायफल आधी मागे येते आणि पिस्टन टोकाला जाऊन थांबला की तीच रायफल झटक्यात पुढे जाते, स्कोप मात्र आहे तिथेच राहू बघतो, म्हणून रेलच्या हिशोबानं तो मागे जातो. पीसीपीवाल्यांना (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल) हा त्रास नाही, म्हणून "माझं तर कधीच हललं नाही" असं पीसीपीवरून कृपया सांगू नका.

आता माझ्यासमोर दोन रस्ते आहेत.

एक म्हणजे स्टॉप पिनवालं वन-पीस डव्हटेल माउंट. पिन थेट रिसीव्हरच्या भोकात जाते, जोड एकच, उंची कमी. मन इकडेच ओढतं. दुसरा म्हणजे डव्हटेल टू पिकाटिनी अडॅप्टर. त्यात हातातल्या रिंगा वापरता येतील आणि आडवा बोल्ट खाचेत अडकत असल्यानं रिंग अडॅप्टरवर सरकायची नाही. पण अडॅप्टर स्वतः परत त्याच ११ मिमीवर आवळूनच बसणार ना? त्याला स्टॉप पिन नसेल तर दुखणं फक्त एक मजला खाली गेलं. शिवाय उंची साधारण सेंटीमीटरभर वाढेल, गाल स्टॉकवर टेकेनासा होईल.

एमजी रोडवरचे दुकानवाले भिया म्हणतात वीवर (पिकाटिनीसारखीच दुसरी खाचांची रेल) आणि पिकाटिनी एकच. पण वीवरची खाच ४.५७ मिमी आणि पिकाटिनीची ५.२३, पिकाटिनीत खाचांचं अंतरही १०.०१ मिमी ठरलेलं, वीवरमध्ये तसं नाही. म्हणजे वीवर रिंग पिकाटिनी रेलवर जाईल, उलटं होईलच असं नाही. ऑनलाइन अडॅप्टरवर दोन्ही नावं छापलेली असतात, तर कोणी खाच व्हर्नियरनं मोजून बघितलीय का?

मी अडॅप्टर अजून सोडला नाहीये तो ड्रूपमुळे, म्हणजे नळी खाली झुकलेली असल्यामुळे. टरेट (स्कोपवरची नेम वर-खाली करायची चकती) मध्यावर ठेवून १० मीटरवर छर्रा क्रॉसच्या साडेआठ सेमी खाली लागतो. त्यातले साडेचार तर स्कोप नळीच्या वर असल्याचेच, सेंटीमीटरभर छर्रा पडण्याचा, उरलेले तीन म्हणजे नळीचं नाक खाली आहे. झीरो करायला, म्हणजे छर्रा क्रॉसवर आणायला, एलिव्हेशन (टरेटची वर जायची मर्यादा) जवळजवळ संपतं आणि तिथे आतली स्प्रिंग सैल पडत असल्यानं झीरो टिकत नाही. ट्यूबखाली जाड पट्टी घालायची नाहीये, ट्यूबला बाक येतो. उतार दिलेला अडॅप्टर असेल तर हे मुळातच सुटतं. १०० मिमी लांबीला मागची बाजू ०.१ मिमी उचलली की १० मीटरवर १ सेमी वर येतं, म्हणजे ०.६ मिमी उतार मिळाला तर सहा सेमी, आणि त्यातला एक सेमी अडॅप्टरच्याच उंचीत गेला, तरी टरेट बराच मध्याकडे येईल.

सांवेर रोडवर एक लेथ-मिलिंगवाले काका ॲल्युमिनियममध्ये असा अडॅप्टर करून द्यायला तयार आहेत, स्टॉप पिनसकट. ते विचारतायत डव्हटेलचा कोन ४५ अंश की ६०, कारण कटर दोन्हीचे वेगळे. चुकीच्या कोनात जबडा फक्त धारेवर धरेल आणि रेल खाईल.

तर विचारायचं हे:

कोन घरी कसा मोजायचा? कंपासपेटीतला कोनमापक त्या बारीक खाचेत जातच नाही.

उताराचं वन-पीस डव्हटेल माउंट, स्टॉप पिनसकट, भारतात कुठे मिळतं का? मिळालं तर बाकी सगळं सोडून तेच घेईन.

आणि पिकाटिनी रिंग आवळताना बंदुकीवाले ती पुढे ढकलून आवळायला सांगतात. माझ्या हिशोबानं स्प्रिंग रायफलवर ती मागे ढकलून, बोल्ट खाचेच्या मागच्या भिंतीला टेकवूनच आवळायला हवी. बरोबर आहे ना? काकांना ड्रॉइंग द्यायच्या आधी एवढं पक्कं करायचंय.