'मेमरी मॅप'ला नकाशा म्हणावे की यादी?

प्रश्न

आभासी यंत्राच्या (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकाच्या) फर्मवेअरला, म्हणजे यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या आज्ञावलीला, स्मृतीची मांडणी कशी कळवली जाते, हे समजावणाऱ्या एका माहितीपुस्तिकेचे मी मराठी भाषांतर करत आहे. 'मेमरी मॅप'साठी, म्हणजे कोणत्या पत्त्यावर काय आहे हे सांगणाऱ्या नोंदींसाठी, मी 'स्मृती-नकाशा' हा शब्द योजला होता. तपासनिसांनी तो सर्वत्र खोडून 'स्मृती-यादी' केला आणि समासात लिहिले की, नकाशा पाहायचा असतो, ही तर ओळीने वाचायची नोंद आहे. वस्तू म्हणून पाहिले तर त्यांचे म्हणणे खरे आहे. क्यूएमू या आभासी यंत्रे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये क्यू३५ प्रकारच्या यंत्राला ४ जीबी स्मृती दिली की, फर्मवेअरसाठी ठेवलेल्या 'ई८२०' फाइलीत स्मृतीच्या दोन नोंदी दिसतात: एक शून्यापासून २ जीबीपर्यंतची आणि दुसरी ४ जीबीपासून ६ जीबीपर्यंतची. प्रत्येक नोंद २० बाइटांची असते. ८ बाइट आरंभीच्या पत्त्याला, ८ लांबीला आणि ४ प्रकाराला. तरीही 'यादी' वाचताना अर्थातले काही निसटल्यासारखे मला वाटते. आपण कोणता शब्द वापरता?

प्रतिसाद १

'नकाशा' अरबी 'नक्श'च्या कुळातला आहे; 'नक्षी' त्याचीच बहीण. चित्राचा भाव त्यात मुळापासून आहे, हे मान्य. पण 'यादी' ज्या 'याद'वरून आली तिचा फारसीतला अर्थच स्मरण असा आहे, त्यामुळे 'स्मृती-यादी' हा शब्द एकच गोष्ट दोनदा सांगतो. शिवाय मूळ संकेतातच 'मॅप' बसलेला आहे: बायोसला (जुन्या धाटणीच्या फर्मवेअरला) षोडशमान (सोळाच्या पायाच्या पद्धतीतल्या) १५ क्रमांकाच्या इंटरप्टने, म्हणजे सेवा मागणाऱ्या हाकेने, ही माहिती विचारताना प्रोसेसरच्या ईडीएक्स रजिस्टरमध्ये 'एस-एम-ए-पी' ही चार अक्षरे भरावी लागतात. ज्यांनी ही पद्धत घडवली त्यांनी तिला मॅप म्हटले असताना आपण यादी का म्हणावे?

प्रतिसाद २

मूळ भाषेतल्या चार अक्षरांवरून मराठी शब्द ठरवणे मला पटत नाही. आपल्याकडे 'मांडणी' हा स्वच्छ शब्द आहे आणि प्रश्नाच्या पहिल्याच वाक्यात तो सहज उमटला आहे. फर्मवेअरलाही 'स्थायी आज्ञावली' म्हणता येईल. आपण वापरलेच नाहीत तर हे शब्द रुळणार कधी?

प्रतिसाद ३

रोज हेच काम करणारे आम्ही 'मेमरी मॅप' असेच बोलतो आणि कोणाचे अडत नाही. 'स्थायी आज्ञावली' वाचून माझ्या सहकाऱ्यांपैकी एकालाही फर्मवेअर आठवणार नाही.

'मांडणी'बद्दल मात्र थोडे सविस्तर लिहितो, कारण भाषांतरात जपण्याजोगा अर्थभेद तिथेच आहे. प्रत्यक्ष यंत्रात फर्मवेअर स्मृतीच्या पट्ट्यांवरची माहिती वाचून स्मृतीचा नियंत्रक स्वतः जुळवते, त्यामुळे कोणता पत्ता कशासाठी हे त्याला ठाऊक असते. आभासी यंत्रात जुळवण्यासारख्या पट्ट्या नसतात; तिथे हायपरवायझरने, म्हणजे ते यंत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने, सांगावे लागते. या सांगण्याची जुनी रीत सीमॉसमधली (यंत्राच्या जुळण्या साठवणाऱ्या छोट्या स्मृतीतली) होती: षोडशमान ३४ आणि ३५ या दोन बाइटांत १६ एमबीच्या वरची स्मृती ६४ केबीच्या एककात मोजून ठेवलेली असते. त्यातून 'किती' एवढेच कळते. ई८२०च्या नोंदींतून 'कुठे' आणि 'कोणत्या प्रकारची' हेही कळते. ज्या शब्दात 'कुठे' येत नाही तो शब्द इथे अपुरा आहे. यादी सामानाची असते, मांडणी जागेची असते.

तसेच, 'फर्मवेअरला माहिती पाठवली जाते' असे कृपया लिहू नका. फर्मवेअर षोडशमान ५१० या पोर्टवर हव्या त्या नोंदीचा क्रमांक लिहिते आणि ५११ वरून एकेक बाइट वाचून घेते. मागणारे तेच असल्यामुळे 'कळवणे' चालेल, 'पाठवणे' चालणार नाही.

मूळ प्रश्नकर्ता

'पाठवणे' तीन ठिकाणी होते, ते आजच बदलले. त्याच प्रकरणात २ ते ४ जीबीमधल्या 'होल'ला मी 'पोकळी' म्हटले आहे. ते बरोबर आहे का?

प्रतिसाद २

नाही. तो पट्टा मोकळा नसतो. पीसीआय उपकरणांचे (यंत्राला जोडलेल्या कार्डांसारख्या भागांचे) पत्ते त्यातच बसवलेले असतात. तिथे नाही ती फक्त स्मृती. म्हणून 'खंड' म्हणावे: पत्ते सलग आहेत, स्मृतीत खंड पडला आहे.

प्रतिसाद १

पण मराठीत 'खंड' म्हणजे तुटणे आणि तुटून झालेला तुकडाही. 'पहिला स्मृती-खंड' असे वाचले की, मी तर ० ते २ जीबीचा तुकडाच समजेन.

प्रतिसाद ४

नोंदींच्या प्रकारांकडेही लक्ष द्यावे, कारण चुकीच्या शब्दाचा परिणाम मी तिथे पाहिला आहे. प्रकार १ म्हणजे वापरण्याजोगी स्मृती आणि प्रकार २ म्हणजे 'रिझर्व्ह्ड'. आमच्या टिपणात दुसऱ्याला 'आरक्षित' लिहिले होते. एका नवख्या सहकाऱ्याने ते 'कर्नलसाठी (कार्यप्रणालीच्या गाभ्यासाठी) आरक्षित' असे वाचले, त्या पट्ट्यातली पाने (स्मृतीचे ठरावीक तुकडे) वाटपात घेतली आणि चाचणीचे यंत्र सुरू होतानाच थिजले. 'राखीव' लिहिले असते तरी हेच घडले असते, कारण दोन्ही शब्द 'रक्ष्' धातूचे आहेत आणि 'कोणासाठी?' हा प्रश्न दोन्ही मागे ठेवतात. तेव्हापासून मी 'वर्ज्य' लिहितो. वर्ज्य स्वर सप्तकात असतो, रागात घ्यायचा नसतो. हा पत्ताही पत्त्यांच्या पट्टीत आहे, कर्नलने घ्यायचा नाही.

प्रतिसाद ३

'वर्ज्य' फार आवडला. पण प्रकार ३ मधल्या एसीपीआयच्या (कार्यप्रणालीला यंत्राची रचना सांगणाऱ्या) तक्त्यांचे काय? ते वाचून होईपर्यंत ती जागा सोडायची असते आणि नंतर खुशाल वापरायची असते. काही काळापुरत्या वर्ज्य असलेल्या जागेला काय म्हणावे?

प्रतिसाद १

तिथे 'राखीव' अगदी चपखल बसतो, आणि म्हणूनच तो प्रकार २ साठी खर्च करू नये. प्रकार ४ ची जागा मात्र यंत्र निद्रावस्थेत जाऊन परत आले तरी जशीच्या तशी राहावी लागते. तिच्यासाठी 'जतन' धरून काही सुचते का?