वरिष्ठांच्या कोचिंगमुळे ऑफिसमधलं वातावरण खरंच बदलतं का? आखणी कशी करावी?

कार्यवाह:
विभागप्रमुखांसाठी ६ महिन्यांचं कोचिंग आखायचं काम माझ्याकडे आहे. ९ विभागप्रमुख, बाहेरचा कोच, दर १५ दिवसांनी एक सत्र. कागदावर हेतू आहे 'नेतृत्वाची आत्मजाणीव वाढवून कार्यसंस्कृती सुधारणे'. या दोन गोष्टींच्या मधे नेमकं काय घडतं, हे कोणी नीट सांगत नाही. बंद खोलीत एका माणसाला स्वतःबद्दल काही उमगलं, तर त्याच्या हाताखालच्या माणसांचं वागणं कशाने बदलेल? ३६० अंश अभिप्राय, म्हणजे वरिष्ठ, सहकारी आणि हाताखालचे अशा सगळ्यांकडून अभिप्राय, घ्यावा का? कोचकडून काय अहवाल मागावा? आणि परिणाम मोजायचा कसा?

निरीक्षक:
शंका रास्त आहे. मधला दुवा म्हणजे रोजच्या बैठका. वाईट बातमी कानावर पडल्यावर साहेब किंवा मॅडम पहिलं वाक्य कोणतं बोलतात, यावर पुढची बातमी त्यांच्यापर्यंत वेळेत पोहोचणार की नाही हे ठरतं. 'हे आधी का नाही सांगितलं?' हे ऐकलेली माणसं पुढच्या वेळी आणखी उशिरा सांगतात, कारण सांगितलं की झाडाझडती होते एवढंच ती शिकलेली असतात. संस्थांच्या संस्कृतीचे अभ्यासक एडगर शाइन यांनी संस्कृती रुजण्याची जी कारणं मांडली, त्यांत हे अगदी वर आहे: नेता कशाकडे लक्ष देतो, काय मोजतो आणि अडचणीच्या वेळी कसा वागतो. भिंतीवरची मूल्यं त्यानंतर.

आता आत्मजाणीव. लुफ्ट आणि इंगम या मानसशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये मांडलेल्या 'जोहारी खिडकी' या चार कप्प्यांच्या आराखड्यात एक कप्पा असा आहे, की त्यातलं इतरांना दिसतं आणि आपल्याला दिसत नाही. तो एकट्याने बसून कितीही आत्मपरीक्षण केलं तरी उघडत नाही. शिवाय पद जितकं वरचं, तितके तोंडावर खरं बोलणारे कमी. म्हणून फक्त स्वतः भरायच्या व्यक्तिमत्त्व-प्रश्नावलीवर पैसे घालवू नका.

त्याऐवजी कोचला पहिल्या महिन्यात प्रत्येक प्रमुखाच्या किमान २ बैठकांना बसू द्या. त्याने तिथे मोजावं: प्रमुख किती मिनिटं बोलले, किती जणांचं वाक्य मधेच तोडलं, आपलं मत इतरांच्या आधी सांगितलं की नंतर, एकही शब्द न बोललेले किती. 'तुम्ही ऐकून घेत नाही' यावर वाद घालता येतो. '४० मिनिटांपैकी २९ मिनिटं तुम्ही बोललात' यावर घालता येत नाही.

मग बदलायला एकच सवय निवडायची. ती वारंवार घडणारी आणि इतरांना दिसणारी हवी. 'चांगला श्रोता होणे' चालणार नाही. 'सगळ्यांचं बोलून झाल्यावर आपलं मत मांडणे' चालेल.

साधासरळ:
वरच्या प्रतिसादाशी सहमत. ३६० बद्दल लिहितो, कारण बिघडतं ते बहुतेक तिथेच.

क्लुगर आणि डिनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरचे शेकडो निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरी परिणाम चांगला होता, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्रायानंतर कामगिरी खालावली. त्यांचं स्पष्टीकरण असं, की लक्ष कामावरून 'मी कसा आहे' याकडे वळलं की अभिप्राय बाधतो. तेव्हा 'तापट आहेत', 'अहंकारी आहेत' अशी विशेषणं मागवूच नका. प्रश्न एवढेच विचारा: कोणती गोष्ट चालू ठेवावी, कोणती थांबवावी, कोणती सुरू करावी, आणि प्रत्येकाला एक प्रसंग.

अभिप्राय देणाऱ्यांच्या गटाचा आकार बघा. ३ पेक्षा कमी जणांचा गट वेगळा दाखवायचा नाही, ५ असतील तर उत्तम. लेखी शेरे जसेच्या तसे देऊ नका, वाक्याच्या लकबीवरून माणूस ओळखू येतो. कोचने त्यांचा आशय लिहावा. अहवाल ईमेलने धाडू नका, कोचने समोर बसून तास-दीड तास घेऊन समजावावा. रात्री एकट्याने अहवाल वाचणारा प्रमुख सकाळी 'हे कोणी लिहिलं?' शोधायला निघतो, आणि तसं एकदा झालं की पुढची कित्येक वर्षं कोणी खरं लिहीत नाही. पगारवाढीशी याचा संबंध अजिबात जोडू नका. जोडलात की लोक एकमेकांना सांभाळून गुण देतात.

सगळ्यात जास्त वगळली जाणारी पायरी: २ आठवड्यांच्या आत प्रमुखाने सगळ्या टीमसमोर सांगायचं, 'आभार, यातली ही एक गोष्ट मी बदलणार आहे, दर महिन्याला तुम्हाला विचारेन.' समर्थन करायचं नाही, खुलासाही द्यायचा नाही. ही पायरी झाली नाही, तर उमगलेलं त्या खोलीतच राहतं.

तिसरीखुर्ची:
कोचच्या अहवालाबद्दल. सत्र सुरू होण्याआधी कोच, विभागप्रमुख आणि त्यांचे वरिष्ठ अशी तिघांची बैठक घ्या. निवडलेली सवय, हजेरी आणि तारखा सगळ्यांना खुल्या. सत्रात बोललेलं कोणालाही नाही, तुम्हालाही नाही. अर्ध्या वाटेवर आणि शेवटी पुन्हा तिघं बसा, आणि प्रगती प्रमुखांनीच सांगावी. एखाद्याला काढायचं आधीच ठरलं असेल तर त्याला या यादीत घालू नका. नाहीतर कोचिंग म्हणजे निरोपाची तयारी असा समज पसरतो आणि बाकीचेही मोकळेपणाने बोलत नाहीत.

आणखी एक. प्रमुखांनी टीमला कोचिंग करावं म्हणून त्यांना 'ग्रो' पद्धत शिकवतात: ध्येय, सद्यस्थिती, पर्याय, निश्चय. पद्धत चांगली आहे, पण उत्तर खिशात ठेवून प्रश्न विचारले की ते लगेच कळतं आणि माणूस चिडतो. सूचना द्यायची असेल तर सरळ द्यावी. अगदी नव्या माणसाला, किंवा काम तासाभरात द्यायचं असताना, 'तुला काय वाटतं?' विचारणं अन्यायाचं आहे.

मात्र ओरडून आकडे गाठणाऱ्यालाच बढती मिळत असेल, तर आधी ते थांबवा. त्यावर कोणताही कोच पुरा पडणार नाही.

मोजपट्टी:
मोजमाप प्रमुखांना विचारून करू नका, त्यांच्या टीमला विचारा, आणि कोचिंग सुरू होण्याआधी एकदा नक्की विचारा. संशोधक एमी एडमंडसन यांची १९९९ ची मानसिक सुरक्षिततेची (म्हणजे टीममध्ये न घाबरता बोलता येतं का याची) ७ विधानांची प्रश्नावली पुरेशी आहे. सुरुवातीला, ३ महिन्यांनी, संपताना, आणि संपल्यावर ६ महिन्यांनी. शेवटचं मोजमाप टाळलं जातं, खरं तर तेच महत्त्वाचं.

एका धोक्याची आधीच कल्पना द्या. नोंदवलेल्या चुका सुरुवातीला वाढतील. एडमंडसन यांनीच १९९६ मध्ये रुग्णालयांतल्या गटांबद्दल दाखवलं, की चांगलं नेतृत्व असलेल्या गटांत औषधांच्या चुका जास्त नोंदवलेल्या दिसतात, कारण तिथे बोलायची भीती कमी असते. वरच्यांना हे माहीत नसेल तर तिसऱ्या महिन्यात कार्यक्रम गुंडाळला जाईल.

सोबत एक साधा आकडा ठेवा: अडचण पहिल्यांदा लक्षात आल्यापासून प्रमुखांच्या कानावर जाईपर्यंत किती दिवस गेले.

कार्यवाह:
सगळ्यांचे आभार. एका प्रमुखाच्या हाताखाली फक्त ४ जण आहेत. तिथे ३६० कसं करू?

साधासरळ:
चौघांचा गट वेगळा दाखवता येतो, पण किमान तिघांनी भरलं तरच. दोघांनी टाळलं की उरलेले दोघे उघडे पडतात. त्यापेक्षा तिथे फॉर्म नकोच. कोचने चौघांशी आणि शेजारच्या विभागांतल्या ४-५ जणांशी प्रत्येकी अर्धा तास बोलावं, सगळ्यांचं एकत्र करून ३ मुद्दे काढावेत, आणि जो मुद्दा एकानेच मांडला असेल तो वगळावा. हा नियम बोलण्याआधीच त्या सगळ्यांना सांगून ठेवा.