नेता प्रामाणिक आहे हे तुम्ही कशावरून ठरवता?

फोंडेकर_८६:
रविवारी बाबांना घेऊन पाव-भाजी खायला गेलेलो, तिथं टीव्हीवर दिल्लीतला एक नेता दिसला आणि बाबा म्हणाले हा माणूस हाडाचा प्रामाणिक. का, तर साधं राहतो, खादी घालतो. मी म्हटलं खादी काय कोणीपण घालतो, तर म्हणाले बरं मग तुझं माप सांग, आणि माझी बोलतीच बंद, बाजूच्या टेबलावरचे पण हसले. पक्ष बाजूला ठेवून सांगा, तुम्ही कसं ठरवता?

डिचोलीचो_मास्तर:
खुर्ची सोडायची वेळ आली की माणूस कळतो. शास्त्रीजींचा 1956 चा अरियलूर रेल्वे अपघातानंतरचा राजीनामा सगळ्यांना पाठ आहे म्हणून तो सोडतो, माझा माणूस समाजवादी खासदार मधु लिमये. 1955 च्या सत्याग्रहात आपल्या गोव्यात आले, पोर्तुगीजांनी 12 वर्षांची शिक्षा ठोठावली, 19 महिने आत काढले. पण खरी गोष्ट पुढचीच. आणीबाणीत 1976 ला लोकसभेची मुदत वाढवली तेव्हा ते परत जेलमध्येच होते, म्हणाले लोकांनी पाच वर्षांसाठी निवडलंय, वरचे दिवस आमचे नव्हेत, आणि जेलमधूनच राजीनामा. पुढे खासदारकीची पेन्शन पण घेतली नाही. आता शेजारच्या पंचायतीतला पंच आठवून बघा.

मांडवी_पलीकडचा:
मास्तर मान्य, पण राजीनामा ही पण खेळी असते हो. भाऊसाहेब बांदोडकरांनी, म्हणजे गोव्याच्या पहिल्या मुख्यमंत्र्यांनी, ओपिनियन पोल (गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का यावरचं लोकांचं मतदान) निष्पक्ष व्हावा म्हणून मुख्यमंत्रिपद सोडलं, 16 जानेवारी 1967 ला त्यांना हवं असलेलं विलीनीकरण हरलं, तरी त्याच वर्षी निवडणूक जिंकून परत खुर्चीवर. आमच्या घरात आजोबा याला मोठेपणा म्हणायचे आणि काका हिशेब, दोघं मरेपर्यंत भांडले. म्हणून माझी टेस्ट वेगळी, हेच विरोधी पक्षातल्याने केलं असतं तर मी काय बोललो असतो? खरं सांगू, दर वेळी मीच नापास होतो.

पेडण्याची_सून:
शपथांवर तर जाऊच नका. जानेवारी 2022 मध्ये गोव्यातल्या काँग्रेस उमेदवारांच्या देऊळ, चर्च, दर्गा तिन्हीकडे पक्ष सोडणार नाही म्हणून शपथा झाल्या, सप्टेंबरात 11 पैकी 8 आमदार पलीकडे भाजपात. आठच का? दोन तृतीयांश भरले की पक्षांतर कायदा लागत नाही! दिल्लीवाल्यांनी हसत स्वागत केलं, म्हणजे तुमच्या राष्ट्रीय नेत्याचं माप तिथंच घ्या की, स्वतः खात नसेल पण दारात कोणाला उभं करतो?
बाकी काम सोपं आहे, निवडणूक आयोगाच्या साइटवर उमेदवाराचं फॉर्म 26 चं प्रतिज्ञापत्र मिळतं, मालमत्ता, कर्ज, केसेस, बायकोच्या नावावर काय ते सगळं. एकाच माणसाचं 2019 आणि 2024 चं शेजारी ठेवून वाचा.

फोंडेकर_८६:
काढली दोन्ही प्रिंट. बाबा कालपासून जमिनीच्या रकान्यावर अडकलेत, म्हणतात एवढी शेती आणि हा खादीवाला कधी शेतात दिसला नाही. आता म्हणतायत विरोधातल्याचीपण काढून आण, कागद संपलाय.