राहण्यासाठी शांत बेट सुचवा (फिरायला नाही, राहायला!)

शिंपला
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं, वय पन्नाशीच्या आसपास, मुलं आपापल्या मार्गाला लागली. माझं काम पूर्ण ऑनलाइन आहे, ह्यांनी नोकरी सोडलीय. एखाद्या शांत उष्ण बेटावर भाड्यानं राहायचा विचार आहे. अटी: थंडी नको, पार्टीवाली गर्दी नको, नेट बरं हवं, मोठा दवाखाना दोन तासांत गाठता यायला हवा. सगळं धरून महिना १२०० डॉलर, त्याच्या वर नाही. डोक्यात आत्ता थायलंडचं को लांता आणि फिलिपिन्समधली सिकिहोर आणि कामिगिन आहेत. प्रत्यक्ष राहिलेल्यांनी सांगा प्लीज.

खारावारा
को समुई. डोळे झाकून. मी तीन वर्षांपूर्वी समुद्र दिसणारा फ्लॅट घेतला, आज सकाळी बाल्कनीत बसूनच हे टाइप करतोय. थायलंडमध्ये परदेशी माणसाच्या नावावर जमीन होत नाही पण फ्लॅट होतो, बिल्डिंगच्या ४९ टक्के क्षेत्रफळापर्यंत, त्यामुळे कोटा संपायच्या आत घ्या. बजेट थोडं वाढवलंत तर आयुष्य बदलेल.

शिंपला
खारावारा, भाड्यानं म्हटलंय हो.

खारावारा
भाडं म्हणजे पाण्यात पैसे.

भटकीमांजर
बाली!! उबुदला शेताकडेला इतकं शांत वाटतं ना

रिकामटेकडा
बाली आणि शांत? तिथे रस्त्यावर स्कूटरच्या मागे स्कूटर असते. वर्षातून एक दिवस न्येपीला, म्हणजे त्यांच्या मौनाच्या दिवशी, मात्र विमानतळसुद्धा बंद ठेवतात, तेवढाच शांत. बाकी समुईला +१, मी चार दिवस गेलो होतो, मस्त आहे.

सगळंबघून_झालंय
ही सगळी बाजारू झालेली बेटं आहेत. ताई, सेशेल्समधलं ला दीग बघा. तिथल्या मुख्य बेटावरून, माहेहून, बोटीनं प्रालिन, तिथून अजून पंधरा मिनिटं. बहुतेक लोक सायकलवर. मी तिथे दोन महिने होतो, तसा काळोख आणि तशी शांतता नंतर कुठे मिळाली नाही, आणि मी बरंच फिरलोय.

शिंपला
छानच आहे, पण सेशेल्समध्ये जवळपास सगळं बाहेरून येतं, १२०० मध्ये कसं जमवलंत?

सगळंबघून_झालंय
मी बजेट बघून जगत नाही.

कागदीघोडे
आधी पासपोर्ट कुठला ते सांगा, ते न सांगता तेवीस प्रतिसाद येतील आणि सगळे फुकट. बेट आवडणं सोपं असतं, तिथे कायद्यानं राहता येणं वेगळं. थायलंडचा पन्नाशीनंतरचा रिटायरमेंट व्हिसा म्हणजे बँकेत ८ लाख बाथ किंवा महिना ६५ हजार बाथ उत्पन्न, दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा. ऑनलाइन कामवाल्यांसाठी २०२४ पासून डीटीव्ही (डेस्टिनेशन थायलंड व्हिसा) आहे, पाच वर्षांचा, एका वेळी १८० दिवस, ५ लाख बाथ शिल्लक दाखवावी लागते. मलेशियाचा दीर्घ मुक्कामाचा 'सेकंड होम' व्हिसा २०२४ च्या नियमांनी सिल्व्हर वर्गालाच दीड लाख डॉलरची ठेव आणि वर घर विकत घ्या, म्हणजे तिथलं लंकावी बेट तुमच्यापुरतं बाद. फिलिपिन्समध्ये बऱ्याच पासपोर्टांना टुरिस्ट व्हिसा तिथल्या तिथे वाढवत राहता येतो, पण ऑनलाइन कामाबद्दल आणि वर्षात १८० दिवसांच्या वर राहिलात की टॅक्सबद्दल माहितगाराला विचारा, इथे नाही.

भटकीमांजर
लंकावी सुचवणारच होते! ड्युटी फ्री आहे ना तिथे सगळं

रिकामटेकडा
थायलंडमध्ये ९० दिवसांनी पत्ता कळवावा लागतो बरं का, कुणी सांगितलं नसेल तर.

कागदीघोडे
वरच लिहिलंय.

पत्र्याचंघर
मी फिलिपिन्समधल्या सियारगाओ बेटावर राहत होतो. १६ डिसेंबर २०२१, ओडेट टायफून. आदल्या रात्री घरमालक येऊन म्हणाला की नेहमीसारखंच असेल, खिडक्यांना फळ्या मार म्हणजे झालं. दुपारी आवाज सुरू झाला तो मालगाडीसारखा, मग छताचा एक कोपरा वर उचलला जाऊन परत बसला, परत उचलला, परत बसला, आणि चौथ्यांदा गेला तो गेलाच. आम्ही बाथरूममध्ये, वर गादी धरून. मधे वादळाचा डोळा डोक्यावर आला तेव्हा इतकं शांत झालं की शेजारचा माणूस बाहेर येऊन कोंबड्या शोधायला लागला, मी ओरडलो आत जा म्हणून. दुसऱ्या दिवशी माझ्या छताचा पत्रा नारळाच्या झाडावर घडी घातल्यासारखा लटकला होता. लाईटचं तर विचारूच नका, मी बेट सोडलं तेव्हाही आली नव्हती. शांत बेट हवंय ना, ते मी बघितलंय.

शिंपला
बापरे. आता बरे आहात ना?

पत्र्याचंघर
बरा आहे. भाड्याचंच घर होतं म्हणून वाचलो. खारावारा काकांनी नोंद घ्यावी.

अक्षांशरेखांश
इथे सगळे भावनेनं बोलतायत. वादळाला फिरायला पृथ्वीच्या फिरण्याचा रेटा लागतो, तो विषुववृत्ताजवळ जवळजवळ नसतो, म्हणून पाच अंशांच्या आत वादळं तयार होत नाहीत. त्या पट्ट्यात घर घ्या, विषय संपला. सेशेल्सची मुख्य बेटं तिथेच येतात.

कागदीघोडे
२७ डिसेंबर २००१ चं वामेई वादळ? सिंगापूरच्या शेजारी, दीड अंशाच्याही आत.

अक्षांशरेखांश
एक अपवाद दाखवून नियम मोडत नाही.

कागदीघोडे
'होत नाहीत' असं लिहिलं होतंत, 'क्वचित' असं लिहा.

रिकामटेकडा
टायफून आणि सायक्लोन यात नक्की फरक काय असतो?

अक्षांशरेखांश
काही नाही, समुद्र बदलला की नाव बदलतं. पण तो वेगळा धागा काढा.

जुनीहोडी
मी सिकिहोरला सात महिने काढले. बेट सुंदर आहे, माणसं फार चांगली, पण शांततेबद्दल थोडं. पहाटे तीनला पहिला कोंबडा, त्याला उत्तर देणारे दहा. शनिवारी शेजाऱ्यांकडे कराओके, स्पीकर घराच्या उंचीचा, आणि तेच गाणं चार जण चार सुरांत गातात. लाईट गेली की सगळ्यांचे जनरेटर चालू. खोलीत टोके पाल असेल तर तीही रात्री दोनला स्वतःचं नाव घेऊन ओरडते. तेव्हा ताई, फोटो बघून घर ठरवू नका. एक रात्र झोपून बघा, शक्यतो शनिवारची. नळ सोडून दोन मिनिटं वाहू द्या आणि पाणी चाखा, खारट लागलं तर विहिरीत समुद्र शिरलाय. कपाट भिंतीपासून ओढून मागे बघा, काळे ठिपके असतील तर तुमचे कपडेही तसेच होणार. खिडकीच्या बिजागऱ्या बघा, वाऱ्याच्या बाजूला गंज किती आहे त्यावरून कळतं लॅपटॉप किती टिकेल. माझा नऊ महिन्यांत गेला, मदरबोर्डवर हिरवा थर.

सगळंबघून_झालंय
सात महिने राहिलात आणि लॅपटॉप नऊ महिन्यांत गेला?

जुनीहोडी
दोन महिने आधी सियारगाओला होते, माणसाला धरून बसू नका.

खारावारा
म्हणून एसी फ्लॅट. दमटपणाच नाही.

कागदीघोडे
समुईला ऑक्टोबर ते डिसेंबर धो धो पाऊस असतो तेही सांगा ना. अंदमान समुद्राच्या बाजूला, म्हणजे लांताला, उलट मे ते ऑक्टोबर. लोक एकाच महिन्यात दोन्ही बघून येतात आणि एक बाद करतात. आणि समुईचा विमानतळ एका खाजगी विमान कंपनीचा आहे, तिकिटाचा आकडा बघून बसायची तयारी ठेवा.

लांताकर
लांताला चार वर्षं. मुख्य भूमीवरून गाडीसकट फेरी, मग २०१६ पासूनचा पूल, मग तुमचं घर. पावसाळ्यात निम्मी दुकानं बंद, किनाऱ्यावर फक्त कुत्री. मला तेच आवडतं, बायकोला नाही. साधं दुखणं बेटावर निभतं, मोठ्यासाठी क्राबी. १२०० मध्ये किनाऱ्यापासून आत राहिलात तर आरामात, आमचं त्यात होतं.

शिंपला
लांताकर, धाग्यातला पहिला माणूस ज्यानं बजेट वाचलं 🙏

भटकीमांजर
मग लांता फायनल का?

शिंपला
सगळ्यांचे खूप आभार, दोन दिवस ह्यांच्याबरोबर भांडून ठरवलं. कामिगिन. सहा महिने, तेही पावसाळी, बघू.

अक्षांशरेखांश
कामिगिनला पाच गावं आहेत आणि ज्वालामुखी त्याहून जास्त. हिबोक-हिबोक १९५१ साली फुटला तेव्हा शेकडो माणसं गेली, त्यानंतरच त्यांनी ज्वालामुखी आयोग काढला. माहीत आहे ना?

पत्र्याचंघर
आणि टायफूनही जवळूनच जातात. डिसेंबर २०११ ला समोरच कागायान दे ओरोला वादळाच्या पुरात शेकडो माणसं गेली. मी माझं कर्तव्य केलं.

जुनीहोडी
आणि तुमची दोन तासांची अट? बेटावरच्या बेनोनीहून पलीकडच्या बालिंगोआनची फेरी तासाभराच्या वर, मग मोठ्या दवाखान्यासाठी कागायानपर्यंत दोनेक तास रस्ता. शेवटची फेरी चुकली तर रात्रभर बेटावरच. हेलिकॉप्टरनं हलवायचा खर्च विम्यात आहे का ते आधी बघा, साध्या ट्रॅव्हल विम्यात गृहीत धरू नका.

शिंपला
विमा बघते, हे कुणी आधी सांगितलं असतं तर! बाकी अट मोडली खरी. कारण खरं सांगू? तिन्ही बेटांवरच्या घरमालकांना मी व्हिडिओ कॉल लावले. लांतावाल्यानं समुद्र दाखवला, सिकिहोरवाल्यानं समुद्र दाखवला. कामिगिनच्या बाईंनी न विचारता पाण्याची टाकी, वायरिंगचा डबा आणि छत गळतं तो कोपरा दाखवला, खाली बादली ठेवलेली. म्हणाल्या, पत्रा तुम्ही यायच्या आत बदलेन, नाही बदलला तर भाडं कमी द्या. बेटाला वळसा घालणारा रस्ता साठेक किलोमीटर, ह्यांना तेवढ्यात सायकल चालवायचीय. कोंबडे त्यांच्याकडेही आहेत, मागे ऐकू येत होते.

खारावारा
गळकं घर घेताय. समुईचा आमच्या खालचा मजला अजून रिकामा आहे, व्यक्तिगत निरोप करा.

लांताकर
पत्रा बदलला का ते जाऊन इथे लिहा. आणि जमलं तर टोके पालीचं पण.